मदत हवी, पण नाव पुकारून नको



जून जवळ आला की आपल्यापैकी अनेक गट वह्या, दप्तरं आणि फीचे पैसे गोळा करायला लागतात. या चांगल्या कामात आपल्याकडून होणाऱ्या एका चुकीबद्दल लिहिते आहे. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

मागच्या वर्षी एका शाळेत आम्ही आठवीच्या मुलींना दप्तरं दिली. शाळेने कार्यक्रम ठेवला. पाहुणे आले, हारतुरे झाले आणि माइकवरून एकेकीचं नाव पुकारलं गेलं. नावापुढे कारणही वाचलं गेलं: 'वडील वारले', 'आई धुणीभांडी करते', 'आईला नवऱ्याने टाकलं आहे'. ती यादी मीच केली होती. कारणांचा रकाना आमच्या माहितीसाठी होता, पण यादी शाळेकडे देताना तो काढून टाकायचं मला सुचलं नाही. एक मुलगी नाव पुकारल्यावर उठलीच नाही. चार दिवसांनी दप्तर घेऊन मी तिच्या घरी गेले. आई म्हणाली, "ताई, दप्तर पाहिजेच होतं हो. पण आता वर्गातल्या पोरी तिला विचारतात, तुझ्या बापाने तुम्हाला का टाकलं? ती शाळेत जायलाच नको म्हणते."

पंधरा दिवस बुडवून ती परत शाळेत गेली. सगळ्याच जात नाहीत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला घरी बसवायला निमित्त पुरतं. धाकटं भावंड सांभाळायचं असतं, कुठून तरी स्थळ आलेलं असतं. अशा वेळी तीच 'नको शाळा' म्हणाली, की वाद घालायलाही कोणी उरत नाही. नवऱ्याने टाकलं यात बाईचा दोष नाही, असं आपण सभांमधून सांगतो. मग तिच्या लेकीला तेच सगळ्यांसमोर ऐकायला का लावायचं?

मान राखून मदत करता येते, हे आपण पाहिलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण देण्याचा आदेश दिला, तो सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या प्रत्येक मुलासाठी. सगळी एका पंगतीत जेवतात, त्यामुळे त्या ताटावर गरिबीचा शिक्का बसत नाही. राज्य सरकारने २०२३ मध्ये सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या सर्व मुलांना मोफत गणवेश देण्याचं ठरवलं. त्याआधी दारिद्र्यरेषेवरची काही मुलं त्यातून वगळलेली असत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांच्या मानसिक छळालाही बंदी केली आहे.

आपल्या गटांकडे सगळ्यांना पुरेल एवढा पैसा नसतो, निवड करावीच लागते. पण निवड जाहीर करावी लागत नाही. माहितीचा कागद वर्गातल्या सगळ्यांकडून भरून घ्यावा, म्हणजे कोणी वेगळं पडणार नाही. वस्तू शाळा सुरू होण्याआधी आईच्या हाती द्यावी. फी परस्पर कार्यालयात भरावी. नावांची यादी ना फळ्यावर लागावी, ना व्हॉट्सअॅपच्या गटावर फिरावी.

यावर दोन आक्षेप येतात. एक हिशेबाचा. तो रास्त आहे, पण हिशेब उघडा ठेवून नावं झाकता येतात. पावत्या आणि आकडे कोणालाही दाखवू, मुलींची नावं फक्त हिशेब तपासणाऱ्याला. दुसरा आक्षेप देणगीदारांचा, त्यांना फोटो हवा असतो. या वर्षी फोटो मिळणार नाही असं आम्ही कळवलं, तेव्हा एका देणगीदाराने हात आखडता घेतला. आता तेवढी दप्तरं कमी पडणार आहेत आणि ती कुठून आणायची हे आम्हाला अजून सुचलेलं नाही. तरीही निर्णय बदललेला नाही.

तुमच्या गटात हे कसं करता? अडचणी काय येतात? जरूर लिहा. पुढच्या अंकात ते अनुभव देऊ. तोवर, या जूनमध्ये माइक बंद ठेवूया.