इंग्रजीच्या पेपरात वेळ का पुरत नाही? वाचनाच्या वेगाबद्दल थोडं



पूर्वी दहावीच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी हातात पडायची. मुलं ती शांतपणे वाचायची, कुठून सुरुवात करायची ते ठरवायची. प्रश्नपत्रिका मोबाईलवर फिरण्याच्या प्रकारांमुळे राज्य मंडळाने २०२३च्या परीक्षेपासून ही सोय बंद केली आणि ती दहा मिनिटं शेवटी जोडून दिली. म्हणून सकाळचा तीन तासांचा पेपर आता ११ ते २.१० असा चालतो. घड्याळाच्या हिशेबाने काहीच बदललं नाही. पण वाचनासाठी राखलेली दहा मिनिटं लिहिण्याच्या वेळेत मिसळून गेली.

याचा फटका मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीच्या पेपरात जास्त बसतो. "येत होतं हो, पण वेळच पुरला नाही," हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. मग पालक विचारतात, "स्पीड रीडिंगचा क्लास लावू का?" माझं स्पष्ट मत आहे, लावू नका. कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली वेगवाचनावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. निष्कर्ष साधा होता: वाचनाचा वेग खूप वाढवला की समजणं कमी होतं. डोळे पळवण्याची युक्ती चालत नाही. भाषा जितकी ओळखीची, तितकं वाचन आपोआप वेगाने होतं.

मग मुलांचा वेळ जातो कुठे? बऱ्याच वर्गांत इंग्रजीचा धडा असा चालतो: एक ओळ वाचायची, तिचा मराठी अर्थ सांगायचा, पुढची ओळ. समजावून सांगताना हे सोयीचं असतं. पण वर्षानुवर्षं तसंच चाललं तर मूल परीक्षेतही प्रत्येक ओळीचं मनात मराठी करत बसतं. एक शब्द अडला की गाडी तिथेच थांबते. ३०० शब्दांच्या उताऱ्याला सहा मिनिटं लागली, तर वेग झाला मिनिटाला ५० शब्द. इंग्रजी सहज वाचणाऱ्या प्रौढ माणसाचा वेग मिनिटाला साधारण २४० शब्द असतो. आपल्या मुलांना तिथे पोचायची गरज नाही. ५० वरून १००वर आलं तरी उतारा निम्म्या वेळात वाचून होतो.

आता प्रत्यक्ष कृतिपत्रिकेकडे वळू. तृतीय भाषा इंग्रजी, ८० गुण, १८० मिनिटं. म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. यात सगळं सारख्याच वेगाने वाचायचं नसतं, हे मुलांना मुद्दाम शिकवावं लागतं.

पाठ्यपुस्तकातले दोन उतारे २० गुणांचे असतात. धडा वर्षभर झालेला आहे. तिथे उतारा पहिल्यापासून वाचत बसू नका, आधी कृती वाचा आणि उत्तर शोधायला उताऱ्यात जा. प्रत्येक उताऱ्याखाली २-२ गुणांच्या पाच कृती असतात. त्यातल्या व्याकरणाच्या कृतीत वाक्य दिलेलंच असतं. स्वतःचं मत मांडायच्या शेवटच्या कृतीला उताऱ्याचा विषय कळला तरी पुरतो. म्हणजे १० पैकी ४ गुणांसाठी उतारा बारकाईने वाचावाच लागत नाही.

वाचलेला वेळ अपठित उताऱ्याला द्या. तिथे १० गुणांच्या कृती आहेतच, शिवाय त्याच उताऱ्यावर ५ गुणांचं सारांशलेखन असतं. म्हणून हा उतारा घाईने चाळून चालत नाही. आधी कृतींवर नजर टाकायची, मग तो एकदा न थांबता पूर्ण वाचायचा. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारून पुढे जायचं. बऱ्याचदा पुढच्या दोन ओळींत त्याचा अर्थ उलगडतो. प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलने एक-दोन शब्दांची खूण केली, तर सारांशाचा कच्चा आराखडा तिथेच तयार होतो.

शोधून वाचणं मुलांना नवीन नाही. नवरात्रात टेंभी नाक्यावर या. कमानी, शुभेच्छांचे बॅनर, दुकानांच्या पाट्या, शेकडो शब्द डोळ्यांसमोर असतात. दर्शनाची रांग शोधणारं मूल ते सगळं वाचतं का? नाही. नजर फक्त 'रांग' हा शब्द आणि बाण शोधते. ठाणे स्टेशनवर इंडिकेटर बघतानाही आपण तेच करतो. वर्गात मुलांना एवढंच सांगा, "हे तुम्हाला येतं, आता इंग्रजी उताऱ्यात करा." सन, आकडे, मोठ्या अक्षराने सुरू होणारी नावं, यांपासून सुरुवात करा. दोन मिनिटांचा खेळ म्हणूनही हे छान जमतं.

पण या युक्त्या झाल्या पेपरापुरत्या. खरा वेग जानेवारीत क्लास लावून येत नाही, तो रोजच्या सोप्या वाचनातून येतो. पुस्तक इतकं सोपं हवं की पानावर दोन-तीनच शब्द अडतील. सातवी-आठवीच्या मुलाच्या हातात चौथीच्या पातळीचं इंग्रजी पुस्तक दिलं तर कमीपणा मानू नका. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर अनेक गोष्टी मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत फुकट मिळतात. आधी मराठीत वाचा, मग तीच गोष्ट इंग्रजीत. गोष्ट ठाऊक असल्यामुळे मूल मनात भाषांतर करायला थांबत नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून आपल्या शहरात आहे. मुलाला तिथे घेऊन जा. मराठी वाचनाची गोडी लागलेलं मूल इंग्रजी पानाला कमी घाबरतं.

घरी आठवड्यातून दोनदा एवढं करा. साधारण ३०० शब्दांचा उतारा, मोबाईलवर स्टॉपवॉच, मग पुस्तक मिटून पाच प्रश्न. वहीत तारीख, मिनिटं आणि बरोबर उत्तरं लिहा. पाचपैकी चार बरोबर आली नाहीत, तर तो वेग धरू नका. आणि तुलना मुलाच्या मागच्या आठवड्याशीच करा, शेजारच्या मुलाशी नको.

शिक्षक मित्रांनो, आपल्याकडून एकच बदल हवा. आठवड्यातला एक तास असा ठेवूया, ज्यात ओळीओळीचा अर्थ आपण सांगणार नाही. मुलं मनात वाचतील, अडखळतील, चुकीचा अंदाज करतील. सुरुवातीला वर्ग आपल्या तोंडाकडे बघत बसेल, तरी थोडा धीर धरूया. परीक्षेच्या हॉलमध्ये शेजारी उभं राहून अर्थ सांगायला आपण नसणार. त्याची सवय आठवीपासूनच व्हायला हवी.

तुमच्या वर्गात किंवा घरी यातलं काय जमलं, काय नाही, ते जरूर कळवा.