क्रेटच्या तळाला काय आहे?

डिसेंबर आला की बातमीदारांकडे प्रेसनोटा सुरू होतात. 'नाताळ उत्साहात साजरा.' सोबत फोटो. मधोमध केक कापणारा नेता, आणि ज्यांचा सण ते बिचारे फोटोच्या कडेला. महिनाभराने त्यातलेच काही जण 'धर्मांतर' या विषयावर भाषण ठोकतात. जुन्नर-आंबेगावात ख्रिस्ती माणसाची आठवण वर्षातून दोनदाच निघते, केक कापताना आणि संशय घेताना.

मी ख्रिस्ती नाही, माळकरी घरातला आहे. पण हा तमाशा बघून आता बोलावंसं वाटतं.

राज्यघटनेचं कलम २५ काढून बघा. धर्म प्रकट करणं, आचरणं आणि त्याचा प्रसार करणं, असे तीन हक्क त्यात आहेत. भांडण सगळं तिसऱ्या शब्दावर. एक बाजू 'किती बाटले' म्हणून आकडे फेकते. दुसऱ्या बाजूचे काही प्रचारक मोठमोठे स्पीकर लावून चंगाईच्या सभा घेतात आणि किती हात वर झाले ते मोजतात. दोघांचा धंदा एकच, डोकी मोजायची. मधल्या 'आचरण' या शब्दाकडे कोण बघतो?

आणि येशूचा सगळा भर तर तिथंच आहे. डोंगरावरचं प्रवचन वाचा. भावाशी तंटा असेल तर अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी समेट करून ये. दान देताना गाजावाजा नको. प्रार्थना करायची तर खोलीचं दार लावून. सगळ्या रोजच्या, घरातल्या गोष्टी. पण सोप्या आहेत का? बांधाच्या हातभर जागेसाठी सख्खे भाऊ जुन्नर नि घोडेगावच्या कोर्टात वर्षानुवर्षं तारखा घेतात. त्यातल्या एकाने जरी रविवारी उपासनेला जाण्याआधी भावाचं दार वाजवलं, तर त्याचा धर्म अख्ख्या गावाला कळेल. पत्रक वाटायची गरज नाही.

याच पवित्र शास्त्रात मोशेच्या नियमात सांगितलंय की, मजुराची मजुरी दिवस मावळायच्या आत द्या. नारायणगावला भल्या सकाळी पश्चिम पट्ट्यातले आदिवासी बाप्ये-बाया कामासाठी उभे असतात. त्यांना संध्याकाळी 'पैसे पुढच्या आठवड्यात' न सांगणं, हीसुद्धा उपासनाच. टोमॅटोच्या क्रेटमध्ये वर लालभडक आणि तळाला बारका माल न भरणं, हीसुद्धा.

कुणी म्हणेल, सवयींनी काय होतंय, श्रद्धा मोठी. मग लक्ष्मीबाई टिळकांकडे बघा. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत आल्या, तरी आपलं सोवळं सोडायला तयार नव्हत्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. पुढे जात माणसाने केलीय हे मनाला पटलं, तेव्हा त्यांनी कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतरचा. आधी तांब्या बदलला, मग नोंदवही.

आपल्याच जिल्ह्यातलं केडगाव घ्या. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली-बायका आणल्या. त्यांना शेती, विणकाम, छपाई शिकवली. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मराठी बायबल केलं, आणि ते मुक्ती मिशनच्या बायकांनी छापलं. त्यांना नावं ठेवणारे पुण्यात काही कमी नव्हते. पण त्या मुलींच्या ताटात रोज भाकरी कोणी वाढली, याचं उत्तर टीकाकारांकडे नव्हतं.

हे माप परकं आहे असंही समजू नका. ओतूरला समाधी असलेल्या बाबाजी चैतन्यांना तुकोबा गुरू मानत, आणि याच तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असं टिळक मानत. माळ घालून मापात मारणाऱ्याला वारकरी काय म्हणतात, ते आपल्याला ठाऊक आहे.

तेव्हा ख्रिस्ती बांधवांनो, स्पीकर कमी करा. आजाऱ्याच्या उशाशी बसणं, घेतलेली उसनवारी वेळेवर फेडणं, झोपण्याआधी ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्याला फोन करणं, हे वाढवा. तुमच्यातले बरेच जण हे गुपचूप करतात, मला माहीत आहे. त्यांचीच साक्ष टिकते.

आणि आपण बाकीच्यांनी? शेजारच्या घरात चार माणसं प्रार्थनेला बसली, की लगेच 'तुम्हाला किती पैसे मिळाले' हे विचारणं बंद करा. फसवणूक, जबरदस्ती झाली असेल तर रीतसर तक्रार करा, पुरावा द्या. नसेल, तर तो माणूस व्यवहाराला कसा आहे एवढंच बघा. आणि हो, तेच माप आधी आपल्या घरात लावा.

येत्या डिसेंबरात कुणी नेता केक कापायला आला, तर त्याला एकच विचारा. तुमच्या मळ्यातल्या मजुरांचे पैसे दिले का?

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली लिहा, फक्त शिव्या नकोत.