सहलीतले साहस, पण दोर कोणाच्या हाती?

दिवाळीची सुट्टी संपली, की पुणे-सातारा महामार्गावरून भोर आणि वेल्ह्याकडे वळणाऱ्या वाहनांत शाळकरी मुलांच्या बसगाड्या दिसू लागतात. काही चेलाडी फाट्यावरून नसरापूरमार्गे राजगड-तोरण्याच्या पायथ्याला जातात, तर काही कापूरहोळहून भोरकडे. पूर्वी मुलांना गड दाखवून संध्याकाळी परत आणले जाई. आता सहलीच्या पत्रकात रॅपलिंग, बर्मा ब्रिज, तराफा बांधून तो पाण्यात सोडणे, तंबूतला मुक्काम, नकाशा आणि होकायंत्राचा वापर असा भरगच्च कार्यक्रम असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांच्या दप्तरमुक्त काळाची कल्पना मांडल्याने वर्गाबाहेरच्या शिक्षणाला सरकारी अधिष्ठानही मिळाले. हे स्वागतार्ह आहे. प्रश्न आहे तो मुलांना कड्याच्या टोकावर उभे करणाऱ्याची पात्रता कोण तपासतो, हा.

महाराष्ट्रात याविषयी नियमच नाहीत, असे म्हणता येणार नाही. हिमालयातील मोहिमेत २००६ मध्ये मुलगा गमावलेल्या दांपत्याने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. त्यानंतर शालेय शिक्षण व क्रीडा विभागाने जून २०१४ मध्ये साहसी उपक्रमांसाठी सुरक्षा नियमावली काढली. तिच्यातील तरतुदी हौशी संस्थांना जाचक असल्याचे सांगत गिर्यारोहकांनी विरोध केला. २०१८ मध्ये सुधारित आदेश निघाला; त्यावरही वाद झाला. अखेर हा विषय पर्यटन विभागाकडे गेला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आले. जमीन, पाणी आणि हवेतील साहसी उपक्रम घेणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी बंधनकारक झाली.

या प्रवासात एक गोष्ट मात्र निसटली. नियमावली शिक्षण विभागाच्या हातून सुटली. पण मुले शाळेच्याच नावाने शिबिराला जातात. शाळेवर नियंत्रण शिक्षण विभागाचे, शिबिर घेणाऱ्यावर पर्यटन विभागाचे, गडावर पुरातत्त्व खात्याचे, भोवतालच्या रानावर वन विभागाचे आणि धरणाच्या पाण्यावर जलसंपदा विभागाचे. शिबिरचालकाकडे नोंदणी प्रमाणपत्र आहे काय, हे विचारण्याची खरी संधी मुख्याध्यापकाला असते. प्रत्यक्षात शाळेत पोहोचतात ती दरपत्रके, आणि कोणती निवडायची हे बहुधा दरडोई खर्चच ठरवतो.

अपघातानंतर यंत्रणा काय करते, हे २०१६ मध्ये दिसले. त्या वर्षी १ फेब्रुवारीला मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला गेलेल्या पुण्यातील एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. पाठोपाठ शिक्षण खात्याच्या सूचना आल्या. त्यांनुसार समुद्रकिनारे, नद्या, तलाव, विहिरी, जोखमीचे डोंगर, उंच टेकड्या अशा ठिकाणी सहली न्यायच्या नव्हत्या. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतून एवढे सगळे वगळले, तर मागे राहतो तो एसटी स्थानकाचा परिसर! अशी सरसकट बंदी पाळली जात नाही. ती केवळ कागदावरची जबाबदारी मुख्याध्यापकाच्या गळ्यात बांधते. मग सहलीला 'ऐतिहासिक स्थळास भेट' असे नाव मिळते आणि जोखमीचा विचार करण्याचे कारणच उरत नाही.

जोखीम तर या भागात पावलोपावली आहे, आणि ती बहुतेकांना वाटते तिथे नाही. तोरणा सुमारे १,४०० मीटर उंच, राजगडाची गुंजवण्याकडून चोरदरवाज्याला जाणारी वाट छातीवरची. तेव्हा पालकांना धास्ती कड्याची वाटते. दोर बांधलेल्या कड्यावर मात्र निदान दोर असतो आणि लक्ष ठेवणाराही असतो. खरी भीती भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी आणि पानशेत या धरणांच्या पाण्याची. धरण उतरू लागले, की काठावर गाळ उरतो आणि त्यापुढे बुडालेल्या शेतांचे बांध व नदीचे जुने पात्र असते. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचे पुढचे पाऊल थेट खोलात जाऊ शकते. मे २०२२ मध्ये भाटघरच्या पाण्यात एकाच कुटुंबातील पाच महिला बुडाल्या, त्या कोणत्याही साहसाला निघालेल्या नव्हत्या. शिबिरातही मुले पाण्याजवळ जातात ती बहुधा वेळापत्रकातला उपक्रम संपल्यावर, मोकळ्या तासाभरात. त्या वेळी प्रशिक्षक जेवणाच्या तयारीत असतो आणि शिक्षक फोनला रेंज शोधत.

गडांवरील आग्या मोहोळ, पाण्याविना चढलेले ऊन आणि उशिरा सुरू झालेल्या चढाईमुळे उतरताना पडलेला अंधार, ही कारणेही अशीच साधी. त्यांतले एकही दोराच्या दर्जाशी संबंधित नाही.

म्हणूनच प्रमाणपत्राचा मुद्दा नीट तपासायला हवा. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा किंवा दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटचा बेसिक, अॅडव्हान्स अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रशिक्षक अभिमानाने सांगतात आणि तो अभिमान रास्तच आहे. परंतु हे अभ्यासक्रम मुख्यतः बर्फ आणि हिमनदीवरील गिर्यारोहणाचे. बारा वर्षांची चाळीस मुले धरणाच्या काठावर सांभाळणे, रडणाऱ्या मुलाला 'आज कडा उतरू नकोस' असे त्याची चेष्टा होऊ न देता सांगणे, कोणता उपक्रम ऐनवेळी रद्द करायचा हे ठरवणे, ही निराळी विद्या आहे. तिची परीक्षा घेणारी व्यवस्था आपल्याकडे रुजलेली नाही. मुक्कामी शिबिरांत तर आणखी एक प्रश्न येतो. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शाळांतील कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीचा आग्रह धरला गेला. रात्री तंबूंच्या आसपास वावरणाऱ्या हंगामी मदतनीसांबाबत तो आग्रह कितपत धरला जातो?

ब्रिटनने हा धडा फार महागात शिकला. २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम उपसागरात प्लिमथच्या एका शाळेची आठ मुले कयाकमधून निघाली. सोबत शिक्षक आणि केंद्राचे दोन प्रशिक्षक होते. वाऱ्याने नावा खोल समुद्रात ओढल्या गेल्या, मदत पोहोचण्यास तास उलटले आणि चार मुले दगावली. पुढे उघड झालेली गोष्ट अधिक धक्कादायक होती. सुरक्षेबाबत बेपर्वाई असल्याचे त्या केंद्रातल्या आधीच्या प्रशिक्षकांनी व्यवस्थापनाला पूर्वीच लेखी कळवले होते. शाळेला याचा पत्ता नव्हता. केंद्राच्या संचालकाला तुरुंगवास झाला आणि १९९५ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांसाठी गिर्यारोहण, जलक्रीडा यांसारखे उपक्रम पैसे घेऊन चालवणाऱ्या केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. सभासदांच्या हौशी संस्था आणि स्वतःच्याच विद्यार्थ्यांना नेणाऱ्या शाळा त्यातून वगळल्या गेल्या. आपल्याकडे वर्षानुवर्षे चाललेला वाद नेमका याच रेषेवर अडला: रविवारी वर्गणी काढून गडावर जाणारे मित्रमंडळ आणि शंभर मुलांचे शुल्क घेणारे केंद्र यांना एकाच मापाने मोजायचे काय?

या दोन तालुक्यांना साहसाची परंपरा नवी नाही. गो. नी. दांडेकरांचा राजगडावरील लोभ आणि त्यांच्या मागोमाग गडावर गेलेल्या पिढ्या परिचित आहेत. त्या भटकंतीत मुलांना वाटा ओळखता येत, टाक्यातले पाणी पिण्याजोगे आहे की नाही हे कळे आणि मुक्काम पद्मावतीच्या देवळात पडे. २०२१ मध्ये पुरातत्त्व विभागाने राजगडावरील मुक्कामाला मनाई केली. २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय झाला आणि जुलै २०२५ मध्ये राजगडासह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. गर्दी आणखी वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तंबूंचा मुक्काम आता पायथ्याच्या खासगी जागांवर असतो. तिथे निसर्ग कमी आणि झिपलाईन अधिक असते. मुलगा पट्ट्यात अडकवला जातो, दुसऱ्या टोकाला सोडवला जातो. त्याला स्वतः काही ठरवावे लागत नाही.

२०११ च्या जनगणनेत वेल्हे तालुक्याची लोकसंख्या सुमारे ५५ हजार होती. कामासाठी तरुण पुण्याकडे जातात. गुंजवणे, पाली, केळद, मोहरी, रायरेश्वराच्या पठारावरील वस्ती या ठिकाणी ज्यांना प्रत्येक धार आणि नाळ पाठ आहे, त्यांना शिबिरात मिळणारे काम स्वयंपाकाचे, ओझी वाहण्याचे नाहीतर गाड्या लावून देण्याचे. त्यांच्यासाठी प्रथमोपचार, दोरकाम आणि बचावाचे प्रशिक्षण तालुक्यातच घेता येईल; पुण्यातल्या गिर्यारोहण संस्थांकडे त्यासाठी लागणारी माणसे आहेत. नोंदणीकृत केंद्राने मुलांच्या तुकडीमागे असा एक स्थानिक प्रशिक्षित मार्गदर्शक ठेवलाच पाहिजे, ही अट धोरणात घालण्यास फार मोठ्या निधीची गरज नाही. आजही गडाच्या वाटेवर कोणी घसरून जायबंदी झाले, तर पुण्याहून बचाव पथक निघण्याआधी झोळी बांधून चढू लागतात ती पायथ्याच्या गावातील माणसेच. शिबिराच्या पत्रकात त्यांचा उल्लेख असतो तो 'पिठले-भाकरीचे गावरान जेवण' एवढ्याच ओळीत.