एका अक्षराचा घोळ

दिवाळीच्या तोंडावर घर आवरायला काढले की घरात दोन पक्ष पडतात; एक टाकून देणाऱ्यांचा आणि दुसरा ठेवून देणाऱ्यांचा. आमच्याकडे पहिल्या पक्षाचे पुढारीपण सौ.कडे आहे आणि दुसऱ्या पक्षात मी एकटा. माझ्या पक्षाला आजवर एकही निवडणूक जिंकता आलेली नाही. पण गेल्या दिवाळीत शिवणयंत्राच्या खणात, बटणे, हूक आणि एक मोडकी कात्री यांच्या सहवासात निळ्या रंगाचा एक पेनड्राइव्ह सापडला, तेव्हा ‘हे टाकू का?’ असे सौ.ने विचारले नाही. त्याला पांढरा दोरा बांधलेला होता, आणि त्या दोऱ्याचा अर्थ तिला ठाऊक होता.

त्यात माझ्या आत्याचा आवाज होता.

२०१२ च्या भाऊबिजेला आत्या केज तालुक्यातल्या आपल्या गावाहून आमच्याकडे अंबाजोगाईला आली होती. वडील तेव्हा होते. मी वर्गात जात्यावरच्या ओव्यांवर तास तास बोलत असे, आणि ज्या बाईला त्या शेकड्यांनी पाठ आहेत ती आमच्या स्वयंपाकघरात करंज्या तळीत बसली होती. मला एकदम लाज वाटली. एका स्नेह्याचा छोटा रेकॉर्डर मागून आणला आणि दुपारी तिला समोर बसवले. पण गाणे काही येईना. ‘जात्याबिगर आठवत न्हाई रे,’ ती म्हणाली. जाते कुठून आणणार? शेवटी तिने एक परात उपडी घातली, तिच्यावर मूठ ठेवून हात गोल फिरवायला सुरुवात केली, आणि मग दोन तास ती थांबली नाही.

अशा ओव्या जमवण्याचे खरे काम हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव हिंडून केले. त्यांच्या संग्रहात लाखावर ओव्या आहेत, आणि आमच्याच जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांचे १९९६ साली टिपलेले आवाजही त्यात आहेत. माझा संग्रह एका दुपारचा. रेकॉर्डर ज्याचा त्याला परत गेला. ज्या संगणकावर ते ध्वनिमुद्रण उतरवले होते तो पुढे मोडीत निघाला. २०१९ साली आत्या गेली. तिची मुलगी, आमची अक्का, हिला भाऊ नाही, म्हणून ती भाऊबिजेला माझ्याकडे येते. तिला मी फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगून टाकले, ‘या खेपेला तुला ओवाळणीत आईचा आवाज देतो.’

फोन ठेवून पेनड्राइव्ह संगणकाला लावला. संगणकाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

आमचा संगणक टेबलावरचा, जुन्या वळणाचा. खाली खोके, वर पडदा. खोक्याच्या पुढच्या बाजूला दोन खाचा आहेत, त्यांतल्या एकीत मी तो खुपसला होता. दिवा नाही, आवाज नाही. दुसऱ्या खाचेत घातला, तरी तेच. तेवढ्यात चिरंजीव आले आणि ‘बाबा, मागं लावून बघा’ असे म्हणून निघून गेले. हल्लीच्या मुलांचा सल्ला हा असा पाठमोरा मिळतो. पण तो बरोबर होता. मागच्या खाचा संगणकाच्या मुख्य पाटीवरच बसवलेल्या असतात, तर पुढच्या खाचांना आतून एक वायर ओढून आणलेली असते, आणि ती निसटली किंवा खाचेत धूळ बसली की वीज पोहोचत नाही. मागे लावताच पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकला आणि संगणकाने ‘टुंग’ असा आवाजही केला. मी हर्षभराने खिडकी उघडली. तिथे नेहमीची सी, डी, ई आणि एफ ही मंडळी हजर होती. नवा पाहुणा कुठेच नव्हता.

संध्याकाळी बाजारातल्या एका दुकानात गेलो. तिथल्या मुलाने पेनड्राइव्ह आपल्या यंत्राला लावला, मान हलवली आणि शांतपणे म्हणाला, ‘सर, हे गेलंय. फॉर्मॅट मारावं लागंल. शंभर रुपये.’ त्याचे यंत्र वेगळ्या कारणाने अडले होते हे मला नंतर कळले; त्याचीही पुढची खाच ढिली होती. पण त्या क्षणी त्याने ‘गेलंय’ हा शब्द ज्या स्वरात उच्चारला, तो मी यापूर्वी फक्त दवाखान्यात ऐकला होता. शंभर रुपयांकडे पाहून नव्हे, तर ‘मारावं’ या क्रियापदाने मी सावध झालो. भाषेच्या मास्तराला भाषेचा एवढा उपयोग तरी व्हावा! ‘उद्या येतो’ म्हणून मी वस्तू परत घेतली.

रात्री एका माजी विद्यार्थ्याला फोन केला. तो आता चार-दोन कचेऱ्यांचे संगणक सांभाळतो. त्याचे नाव सांगत नाही, कारण मग त्याचे मराठीतले गुणही सांगावे लागतील. तो म्हणाला, ‘सर, कशालाच हात लावू नका. फॉर्मॅटला तर बोट बी लावू नका. सकाळी येतो.’

सकाळी येऊन त्याने मला जे समजावले, ते मी त्याच्याहून वाईट पण अधिक लांबवून सांगतो. पेनड्राइव्ह आपोआप उघडत नाही याला इंग्रजीत ‘माउंट होत नाही’ म्हणतात. हा शब्द मोठ्या यंत्रांच्या काळातला आहे. तेव्हा माहिती टेपच्या रिळांवर असे, आणि यंत्राने मागणी केली की कर्मचारी ते रीळ उचलून खरोखरच यंत्रावर चढवीत असे. आता ते चढवणे संगणक स्वतःच करतो, म्हणून असे काही घडते हेच आपण विसरलो आहोत. आधी पेनड्राइव्हला वीज मिळावी लागते. मग त्याने आपण कोण हे संगणकाला सांगावे लागते. मग संगणकाने त्याची अनुक्रमणिका वाचावी लागते. आणि शेवटी त्याला राहायला एक अक्षर द्यावे लागते. गाडे कुठे अडले हे लक्षणांवरून कळते. दिवाच नाही, तर खाच बदला. दिवा आहे, आवाजही आहे, पण खिडकीत नाव नाही, तर अक्षराची भानगड असू शकते. नाव आहे, पण टिचकी मारताच ‘फॉर्मॅट करू का?’ असे विचारणा येते, तर अनुक्रमणिका वाचता आलेली नाही.

या शेवटच्या प्रश्नाला घाबरून ‘हो’ म्हणणारे फार. अनुक्रमणिका खरोखर फाटलेली असते असेही होते. पण कित्येकदा तो पेनड्राइव्ह लिनक्सच्या किंवा मॅकच्या यंत्रावर तयार केलेला असतो आणि विंडोजला ती मांडणी वाचता येत नाही, एवढेच. आमच्याकडे कितीतरी घरांच्या माळ्यावर मोडीतले कागद पडले आहेत. वाचता येत नाहीत म्हणून ते कोरे आहेत असे कोणी म्हणत नाही, आणि पुसून त्यांवर वाण्याची यादी लिहू का असेही कोणी विचारत नाही. संगणक मात्र विचारतो, आणि तेही अत्यंत आदबीने. साध्या झटपट फॉर्मॅटने अनुक्रमणिका तेवढी जाते, पाने बहुधा शिल्लक राहतात आणि जाणकाराला ती परत काढता येतात. पण २००७ साली घरोघर आलेल्या व्हिस्टापासून विंडोजमधला पूर्ण फॉर्मॅट पानेही कोरी करतो.

माझ्या विद्यार्थ्याने कळफलकावरची विंडोजची कळ आणि एक्स एकदम दाबून जी यादी आली तीतून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडले. ही संगणकाची तलाठी कचेरी. खिडकीत जे दिसते ते गावात वावरणारे लोक. सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे ते इथे येऊन पाहायचे. ‘सर, हाय की! धडधाकट हाय,’ तो ओरडला. पेनड्राइव्ह तिथे खरोखरच होता, आणि त्याच्यापुढे अक्षर होते एफ.

पण एफ तर खिडकीत दिसत होते! आम्ही त्यावर टिचकी मारली. आत ओव्या नव्हत्या. दाक्षिणात्य मारधाडीचे चित्रपट होते.

मग चिरंजीवांची साक्ष झाली. त्यांनी काही महिन्यांपूर्वी आपल्या लॅपटॉपवरचा चित्रपटांचा साठा घरातल्या वायफायवरून या संगणकाला जोडला होता आणि त्याला एफ हे अक्षर देऊन ठेवले होते. अशी जोडणी ज्याने केली त्याच्यापुरती असते. अक्षरे वाटणाऱ्या आतल्या कारभाऱ्याला तिची दखल असतेच असे नाही. पेनड्राइव्ह आला, कारभाऱ्याने पाहिले, एफ मोकळे आहे, दिले. झाले! एका अक्षरात दोन बिऱ्हाडे, आणि दारावर पाटी पहिल्याची. आमच्या गल्लीत एकाच आद्याक्षरांचे दोन जोशी होते तेव्हा धाकट्या जोशांची पत्रे वर्षभर थोरल्यांच्या घरात पडत होती. नोकरीचा एक हुकूमही त्यांत होता. आत्या गेली नव्हती, बिघडली नव्हती. ती आपल्या नातवाच्या चित्रपटांच्या मागे गप्प उभी होती. घरात पाहुणे असताना ती एरवीही तशीच उभी राहायची.

उपाय दोन मिनिटांचा. त्या रकान्यावर उजवी टिचकी मारून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’ निवडायचे आणि मोकळे अक्षर द्यायचे. हात मात्र स्थिर हवा, कारण त्याच यादीत अगदी खालच्या ओळीला ‘फॉर्मॅट’ बसलेला असतो. ‘सर, कोणतं अक्षर देऊ?’ विद्यार्थ्याने विचारले. ए आणि बी फ्लॉपीच्या काळापासून राखून ठेवलेली, सी मुख्य डिस्कचे; ही जुनी घराणी सोडून बाकीची मोकळी होती. मी म्हणालो, ‘ओ दे. ओवीचा ओ.’ अक्षर म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते, हे मी वीस वर्षे वर्गात सांगत आलो आहे. त्या शब्दाखातर माझे हात कापण्याची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली.

ओ उघडला. एक फोल्डर, त्यात चार ध्वनिफिती. ‘आधी ऐकू नका,’ विद्यार्थी म्हणाला, ‘आधी उतरवून घ्या.’ मराठीत पस्तीस गुण मिळवलेल्या या मुलाने हस्तलिखितशास्त्राचा पहिला नियम मला सांगितला. संगणकावर एक प्रत, बाहेरच्या डिस्कवर दुसरी, आणि मगच कानाला.

हे त्याने का सांगितले तेही ऐका. पेनड्राइव्हच्या पोटात जी स्मृती असते ती जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधली. तिला ‘फ्लॅश’ हे नाव एका सहकाऱ्याने सुचवले, कारण तिच्यातला मजकूर कॅमेऱ्याच्या झगमगाटासारखा एका झटक्यात पुसता येतो. ज्या वस्तूचे बारसेच पुसण्यावरून झाले, तिच्यात आपण आईबापांचे आवाज ठेवतो! अक्षर तिथे कोरलेले नसते. विजेचा अगदी सूक्ष्म भार कोंडून ठेवलेला असतो, आणि वर्षानुवर्षे खणात पडून राहिले की तो हळूहळू पाझरतो. माझा पेनड्राइव्ह बारा वर्षे टिकला हे नशीब.

दासोपंतांची पासोडी आमच्या गावातच आहे. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर पंतांनी आपले पंचीकरण लिहिले. पंत १६१५ साली समाधिस्थ झाले, म्हणजे त्या कापडाला चारशे वर्षे उलटली. जागोजाग ते विरले आहे. पण जिथे शाई आहे तिथे डोळ्यांनी वाचता येते; मध्ये कारभारी नाही, अनुक्रमणिका नाही, अक्षर वाटणारा कोणी नाही. विद्यार्थ्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, ‘पण सर, पासोडी खिशात बसत न्हाई, आणि गात बी न्हाई.’ यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्याला मी शंभर रुपये देऊ केले. त्याने चिवडा घेतला.

भाऊबिजेला अक्का आली. ओवाळून झाल्यावर संगणकापुढे खुर्ची ओढून तिला बसवले. पहिल्या फितीत आधी फटाके वाजले, मग परात फरशीवर घासल्याचा खर्र आवाज आला, आणि त्याच्यावर आत्याचा स्वर. अक्काने पदर तोंडाला लावला आणि तशीच ऐकत राहिली. तिसऱ्या फितीत, ओवीच्या मधोमध, एक पुरुषी आवाज आला, ‘घसा सुकला असंल, च्या ठेवायला सांगू का गं?’ आणि आत्याने हात न थांबवता ‘ठेव की’ म्हणून ओवी पुढे नेली.

ते माझे वडील होते. ते त्या खोलीत होते हे मी विसरूनच गेलो होतो.

ताटे वाढली होती. सौ. दारात येऊन म्हणाली, ‘अक्का, चला जेवायला.’ अक्का म्हणाली, ‘थांबा वहिनी, तेवढं ते च्याचं आणखी एकदा लागू द्या.’