पोटावरच्या पिशवीची लाज कसली?

गाईचे पोट फुगले की आपण चारचौघांत बोलतो. डावी भकाळी वर आली, तर डॉक्टर तिथे नळी घालून हवा काढतात. लाज कुणालाच वाटत नाही. पण माझ्या ओळखीचा एक कांदाउत्पादक आतड्याच्या ऑपरेशनपासून आळेफाट्याच्या बाजारात फिरकलेला नाही. कारण एकच, पोटावरची पिशवी फुगते.

पोटावर काढलेल्या वाटेला, म्हणजे स्टोमाला, आवळणारा स्नायू नसतो. वायू रोखता येत नाही, तो पिशवीत साठतो. म्हणून सावकाश चावून खावे, उपाशी राहू नये. कोबी, कांदा, वाल, सोडा यांपैकी काय बाधते ते ज्याचे त्याने पाहावे. पिशवी तिसरा हिस्सा भरली की रिकामी करावी. टाचणीने भोक पाडू नये, वास नि गळती दोन्ही सुरू होतात. गोण्या उचलू नयेत, स्टोमाशेजारी हर्नियाचा धोका असतो. कळा, उलट्या आणि पिशवी कोरडी, किंवा स्टोमा काळा पडला, तर तडक दवाखाना गाठावा.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी नि बाजार समितीला एकच विनंती. बाजारात आणि गावात कडी लागणारे, पाणी असलेले शौचालय ठेवा. तेवढे झाले तरी हा माणूस पुन्हा बाजाराला येईल.