गोदीतले मुडदे आणि १४ एप्रिल

मुंबई हे बेट आहे आणि बेटाचं पोट धक्क्यावर भरतं, हे आपण साफ विसरलोय. कामगारांचा इतिहास म्हटला की गिरणी. ठीक. पण त्या गिरणीच्या साचाखात्यात आपल्या माणसाला उभं करत नव्हते. धोट्यातला धागा तोंडानं ओढायचा, म्हणजे बाजूचा सवर्ण बाटला! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी यावरच पुढाऱ्यांना धारेवर धरलं. गोदीत धागा नव्हता, गोणी होती. गोणी बाटत नाही, फक्त पाठ मोडते.

माझा आजा गोदीत हमाल. गंधकाची बोट लागली की रात्री त्याचे डोळे उघडायचे नाहीत, आजी सांगायची. सकाळी गेटावर मुकादम बोट दाखवील त्याला काम, बाकीचे उपाशी घरी. १९४८ चा गोदी कामगार कायदा आला, मग कुठे हळूहळू नोंदणी, हजेरी.

त्याआधी १४ एप्रिल १९४४. बाबासाहेब ५३ वर्षांचे झाले, व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. आणि व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाची बोट. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, कापसाच्या गासड्या, वर सोन्याच्या विटा. असला माल धक्क्याला लावायचा नाही हा नियम युद्धाच्या नावाखाली गुंडाळला. दुपारी धूर, चारनंतर दोन स्फोट. सोन्याचा हिशेब विटेविटेचा. १९७० नंतरही गाळात वीट सापडली तर सरकारजमा. आणि माणसं? कुणी आठशे म्हणतो, कुणी तेराशे. त्यात रोजंदारीवरचे आपले किती, कोण मोजणार? ज्याची हजेरीच नाही त्याचं मरण कुठल्या वहीत लिहिणार?

अग्निशमन दल दर १४ एप्रिलला आपल्या जवानांना सलामी देतं. द्यायलाच हवी. आपण त्या दिवशी काय करतो? डीजे लावतो. परवा एक कार्यकर्ता म्हणाला, जयंतीला मढी कशाला काढतोस? अरे, ज्यानं मजुराचा कायदा हातात घेतला त्याच्या जयंतीला मजूर आठवायचा नाही तर काय बॅनरवरचा नगरसेवक?

१९८९ ला न्हावा-शेवा सुरू झालं, कंटेनर आले, हमालाचा हूक खुंटीवर गेला. आता पूर्व किनाऱ्याच्या जमिनीवर बिल्डरांचा डोळा. त्यावेळचे हमाल उरले नाहीत, त्यांची पोरं ऐंशीच्या घरात आहेत. शिवडी, वडाळा, माझगाव. नावं त्यांच्या तोंडी आहेत. वह्या घ्या आणि निघा, या एप्रिलच्या आत.