सशांची पिल्ले, उंदीर आणि घरातील ज्येष्ठ

नातवंडांच्या हट्टाखातर सशांची जोडी घरी येते आणि काही महिन्यांतच तिची देखभाल आजी-आजोबांकडे येते. यात गैर काही नाही. पाला घालणे, पिंजरा आवरणे या निमित्ताने शरीराला हालचाल होते आणि मनाला सोबत मिळते. मात्र अन्न, पाणी आणि ऊब एकाच जागी मिळत असल्याने पिंजऱ्यापाशी उंदीर येतात. त्यांचा उपद्रव सशांपुरता राहत नाही. देखभाल करणाऱ्यालाही तो होऊ शकतो. म्हणून या दोन्हींचा आज एकत्र विचार करू.

सशाची पिल्ले जन्मतः केसविरहित आणि मिटल्या डोळ्यांची असतात. डोळे साधारण दहाव्या दिवशी उघडतात. घरट्याबाहेर ती दोन-तीन आठवड्यांनी येऊ लागतात. मादी दिवसातून एकदा-दोनदाच, तेही काही मिनिटे, दूध पाजते आणि एरवी दूर राहते. हे दुर्लक्ष नव्हे. शिकारी प्राण्यांना घरट्याचा सुगावा लागू नये म्हणून जडलेली ही रानातील सवय आहे. पिंजऱ्यात मात्र त्यामुळे पिल्ले रात्रभर एकटी राहतात आणि मोठा उंदीर किंवा घूस एका वेतातील सारी पिल्ले नेऊ शकते.

पहिला उपाय जाळीचा. कोंबड्यांसाठी वापरतात ती पातळ षटकोनी जाळी उंदीर कुरतडतात आणि तिच्या मोठ्या छिद्रांतून लहान उंदीर सहज शिरतात. अर्ध्या इंचापेक्षा, म्हणजे १२ मिलिमीटरपेक्षा, मोठे छिद्र नसलेली जाड वेल्डेड जाळी चारही बाजूंना आणि तळाला लावावी. तळाच्या काही भागावर फळी ठेवावी, म्हणजे सशांच्या पायांना जखमा होत नाहीत. पिंजरा भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच असावा. पायांना गुळगुळीत पत्रा गुंडाळल्यास उंदरांना चढणे अवघड जाते. अशा उंचीमुळे गुडघेदुखी असलेल्यांनाही वाकावे लागत नाही. पिल्लांची पेटी याच पिंजऱ्यात ठेवून ती रोज सकाळी मोजावीत.

दुसरा उपाय अन्नाचा. सांडलेले दाणे आणि उरलेला पाला संध्याकाळी उचलावा. रात्री फक्त वाळलेले गवत आणि पाणी ठेवावे, कारण सशांना फार वेळ उपाशी ठेवणे धोक्याचे असते. खाद्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे.

उंदरांसाठी विष ठेवण्याचा मोह टाळावा. विष लावलेले धान्य उंदीर ओढून पिंजऱ्यात टाकतात आणि ससे ते खातात. लहान मुले किंवा विस्मरणाचा आजार असलेले ज्येष्ठ यांच्या हाती ते पडण्याचा धोका तर मोठाच आहे. काही विषांनी रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, काहींनी यकृत निकामी होते आणि लक्षणे दोन-तीन दिवस दिसतही नाहीत. विष पोटात गेल्याची नुसती शंका आली, तरी त्याचे वेष्टन घेऊन लगेच रुग्णालय गाठावे. घरात पिंजऱ्याबाहेर लावलेला सापळा बरा.

आता साफसफाई. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात. पायाच्या भेगा, हातावरचे ओरखडे, डोळे आणि तोंड यांवाटे ते शरीरात शिरतात. म्हणून पिंजरा कोरडा झाडू नये. ससे बाहेर काढून, रबरी हातमोजे आणि बंद पादत्राणे घालून, घाण साबणाच्या पाण्याने भिजवावी आणि मग उचलावी. सशांच्या मूत्रापासून अमोनिया तयार होतो. त्यावर ब्लीच ओतल्यास घातक वायू निघतो, हे दमेकऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. अंगावर जखम असेल किंवा मधुमेह असेल, तर हे काम घरातील तरुणाने करावे.

दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या पायांची संवेदना मंदावते. झोपेत उंदराने बोट कुरतडले, तरी त्यांना कळत नाही. सकाळी अंथरुणावर रक्त दिसते तेव्हाच उलगडा होतो. सशांचा पिंजरा अशा व्यक्तीच्या शयनगृहात ठेवू नये. तिचे पाय रोज सकाळी उजेडात पाहावेत आणि रात्री तिला मच्छरदाणी खोचून झोपवावे. चावा आढळल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. धनुर्वाताची लस लागेल का, हे ते ठरवतील.

चाव्यानंतर तीन आठवड्यांत ताप, सांधेदुखी किंवा पुरळ आल्यास पुन्हा दाखवावे. चावा नसतानाही ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि डोळ्यांत लाली दिसल्यास दुखणे अंगावर काढू नये. कावीळ झाली किंवा लघवी कमी झाली, तर तातडीने रुग्णालयात जावे. तपासणीच्या वेळी “घरी ससे आहेत आणि उंदरांचा वावर आहे” हे आवर्जून सांगावे. लेप्टोस्पायरोसिसवर लवकर सुरू केलेली साधी प्रतिजैविकेही गुणकारी ठरतात.